कोन कोणाच्या बाजूचा

माझ्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट नुसती मान्य केलेली नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे ते मानतात, पण तेही रोज सकाळी अंजूरच्या घराच्या ओट्यावर बसून स्वतः खात्री करून घेतल्यावर, आणि त्या दिवसापुरतंच. माझ्या नवऱ्याचे हे सख्खे मामा. भिवंडीच्या कोर्टात तीस वर्षं शिपाई होते, आणि शिपायांतही पुकारा करणारे. दाराशी उभं राहून पक्षकारांची आणि साक्षीदारांची नावं तीन-तीनदा मोठ्यानं घ्यायची, हे त्यांचं काम. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण सवय काही सुटली नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला गेले, तेव्हा नवऱ्यानं "मामा, ही माझी बायको" अशी ओळख करून दिली. मामांनी माझ्याकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "कशावरून?" अहो, लग्नाला हे स्वतः आले होते, पहिल्या पंगतीला जेवले होते. नवऱ्यानं तसं सांगितलं तर म्हणाले, "पंगतीत होतो. अक्षता पडल्या तवा मांडवाबाहेर होतो. स्वतः पायलं न्हाय." मी ओल्या हळदीची नवरी, वाकलेली तशीच वाकून उभी. शेवटी मामी आतून हात पुसत आल्या आणि "मी पायलं, मी साक्षीला हाय" म्हणाल्या, तेव्हा कुठे आशीर्वाद मिळाला.

त्यांच्या घरी चहा पिणं हीसुद्धा एक सुनावणी असते. "साखर घातली का?" "घातली." "कोनी घातली?" "मी." "चमच्यानं का अंदाजानं?" मामी भाजी चिरता चिरता, मान वर न करता, या सगळ्याची उत्तरं देतात. त्यांच्या संसाराला चाळीसच्या वर वर्षं झाली आणि एवढ्या उलटतपासण्या होऊनही त्या कधी फुटल्या नाहीत. जेवायला बोलावतानाही मामा प्रत्येकाला पूर्ण नावानं, वडिलांच्या नावासकट, तीनदा पुकारतात. तिसऱ्या हाकेला जो पाटावर नसेल त्याच्या गैरहजेरीत जेवण एकतर्फी सुरू होतं. एकदा मामी स्वतःच मागच्या दारी भांडी घासत होत्या, तर त्यांनी रांधलेलं जेवण त्यांच्यावाचून एकतर्फी संपलं. रिक्षावाल्याला ते "ए रिक्षा" अशी हाक मारत नाहीत. स्टँडवरच्या सगळ्यांची पूर्ण नावं त्यांना पाठ आहेत, आणि त्यातला एक उत्तर प्रदेशाकडचा बिचारा आपलं नाव असं खणखणीत ऐकून दर वेळी गाडीतून उतरून उभा राहतो.

वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर आम्ही त्यांना गुडघ्यासाठी घेऊन गेलो होतो. सगळं जग त्या पाण्याला गरम म्हणतं, पण मामांनी आधी एका कुंडात बोट घातलं, मग दुसऱ्यात, मग मला घालायला लावलं आणि माझा जबाब घेतल्यावरच पाय सोडला. अर्ध्या तासानं म्हणाले, "गुडघा सुधारला." मामींनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच संधी साधली. म्हणाल्या, "कशावरून?" मामा उठले आणि पायऱ्या चढून-उतरून दाखवल्या, दोनदा. परतीच्या बसमध्ये गुडघा धरून बसले होते, पण पुरावा द्यावा लागला याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. उलट मामींच्या प्रश्नावर ते खूश होते.

आता अशा माणसाचा आणि भूमितीचा काय संबंध, असं कोणीही विचारेल. मलाही तो वाटला नव्हता. मी दहावी नापास. राहनाळला एका गोडाऊनमध्ये बारा वर्षं पॅकिंगला होते, आणि शेवटची चार वर्षं तर सुपरवायझर बाईंचं निम्मं काम मीच करत होते. माल उतरवून घेणं, स्कॅनिंग, कुठल्या मुलीची शिफ्ट कुठे लावायची, सगळं. बाई ऑगस्टमध्ये सोडून जाणार होत्या. मॅनेजरनं सरळ सांगितलं, "ताई, काम तुम्हाला येतं, पण कागद पाहिजे. दहावीचा रिझल्ट आणा, खुर्ची तुमची. नाहीतर बाहेरून कोणी येईल." बाहेरून म्हणजे माझ्या डोक्यावर, आणि तिला काम शिकवणार मी. बाहेरून बसायचा फॉर्म भरला, मार्चमध्ये परीक्षा दिली. सगळे विषय सुटले, गणित राहिलं. गणितातही बीजगणितानं हात दिला होता, भूमितीनं पाय ओढला. उरली जुलैची फेरपरीक्षा, एवढा एकच दरवाजा.

भूमितीचं आणि माझं शाळेपासूनच बिनसलेलं. प्रमेयं मी पाठ करत असे, देवाच्या आरतीसारखी, एका दमात. एकदा परीक्षेत प्रमेय आलं तेच, पण मी पाठ केलेल्या त्रिकोणाचं नाव एबीसी होतं आणि पेपरात आला पीक्यूआर. माझी काही त्याच्याशी ओळख पटली नाही. मी तास संपेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले आणि कोरा कागद देऊन आले. तेव्हापासून पुस्तकात आकृती दिसली की माझं पान उलटलंच.

मे महिन्यातल्या एका रविवारी मामा डॉक्टरांकडे गुडघा दाखवून आमच्या खोलीवर आले. मी आत भाकऱ्या करत होते. माझं भूमितीचं पुस्तक जुन्या बाजारातलं, कव्हर फाटलेलं, तसंच कॉटवर पडलेलं. मामांनी ते चाळायला घेतलं. मग एकदम गंभीर आवाजात हाक आली, माझ्या पूर्ण नावाची, तीनदा. मी पिठाच्या हातानं बाहेर आले. मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ही कोनाची केस?"

"मामा, केस नाही. भूमिती आहे ती."

"तेच बोलतो. भूमीची हाय. जमिनीच्याच केसी जास्त." आणि त्यांनी पानावर बोट ठेवलं. "हे बघ. पक्ष. साध्य. सिद्धता. परत्येक ओळीपुढं कंसात कारन. आनि वादाची जागा तिरकोनी हाय, तिचा नकाशा पन जोडलाय." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "घरात कोर्टाचं लफडं हाय आनि मला सांगितलं न्हाय?"

त्यांना समजावता समजावता तव्यावरची भाकरी करपली. हे शाळेचं पुस्तक आहे आणि यात दहावीच्या पोरांची परीक्षा असते हे शेवटी त्यांना पटलं, पण त्यानं त्यांचा उत्साह कमी झाला नाही, वाढला. त्यांची स्वतःची शाळा आठवीत सुटलेली. पोरांना कोर्टाचं काम शिकवतात आणि हे आपल्याला इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. मी म्हटलं, "मामा, मला यातलं काही येत नाही. जुलैत पुन्हा बसायचंय. नाही सुटलं तर खुर्ची गेली." ते म्हणाले, "तिरकोन मला येत न्हाय. पन बाजू कशी मांडायची ते तीस वर्षं ऐकलंय. पुढच्या रविवारी येतो."

आणि आले. अंजूरहून रिक्षानं, खांद्याला कोर्टातली जुनी कापडी पिशवी. मी कॉटवर पुस्तक घेऊन, मामा हातात काठी घेऊन दाराशी उभे. बसून त्यांना सुचत नाही. पहिलंच प्रमेय काढलं, दोन बाजू सारख्या असलेल्या त्रिकोणाचं. त्यांचा पहिला आक्षेप नावांवर. "नुसता ए? बापाचं नाव?" म्हटलं, इथे बापाचं नाव लावत नाहीत. "मग ओळख कशी पटवनार?" आणि मग त्यांनी आकृतीतल्या कोनावर काठी टेकवून विचारलं, "हा कोन?" आमच्या गावाकडे ण आणि न यांत फरक करत नाहीत. मला वाटलं ते नुसतं कोन म्हणतायत. मी म्हटलं, "हो मामा, कोन." "कोन ते इचारतो." "कोनच आहे मामा." "अगं कोन पन कोन?" असं पाच मिनिटं चाललं. नवरा पोट धरून मोरीत जाऊन बसला. पण तो प्रश्न मला लागला तो लागलाच. खरंच, हा कोन कोण? कुठल्या त्रिकोणातला, कोणत्या दोन बाजूंच्या मध्ये बसलेला, इथे कशासाठी आलेला? इतकी वर्षं मी कोनांची नावं पाठ केली होती, पण एकाही कोनाची कधी चौकशी केली नव्हती. त्या दिवसापासून त्रिकोणाचं नाव एबीसी असो की पीक्यूआर, मी आधी "हा कोन?" विचारायला लागले, आणि नावाचं भय गेलं.

मामांची शिकवण्याची पद्धत कुठल्याही शाळेत बसणारी नव्हती. पक्ष म्हणजे दिलेली माहिती, हे मी दहादा सांगूनही ते पक्षाला पक्षकारच समजत. विरुद्ध कोन म्हटल्यावर त्यांनी ते समोरच्या पार्टीचे आहेत असं धरलं, आणि दोन रविवार आम्ही त्या कोनांशी फटकून वागलो. विरुद्ध कोन एकरूप असतात हे मी वाचून दाखवलं तेव्हा मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "विरुद्ध असून एकरूप? मंजे बाहेर तडजोड झालेली दिसते." सामाईक बाजूवर तर त्यांचा फार जीव. सामाईक म्हटलं की आमच्याकडे सात-बारा आठवतो, आणि सात-बारा आठवला की भाऊबंदकी. दोन त्रिकोण एकच बाजू वापरतात आणि तरी एकमेकांच्या अंगावर जात नाहीत, हे त्यांना नवल वाटायचं. "बघ, गोडाऊनला जमीन गेली तवा सामाईक बांधावरून आमच्यात केवढं झालं. हे बिचारे बोलतात, तुझी ती माझी, माझी ती तुझी." मी लिहायची, 'कारण : सामाईक बाजू', आणि मामा मान डोलवायचे.

पण कामाच्या गोष्टी त्यांनी मला ज्या दिल्या त्या कुठल्या गाईडात मिळाल्या नसत्या. मी आकृतीकडे बघून लिहून टाकलं की हे दोन कोन सारखे आहेत. मामांनी विचारलं, "कारन?" म्हटलं, "दिसतंय की." तेव्हा ते खरोखर चिडले. "दिसतंय ह्यावर कोर्ट चालत न्हाय. नकाशा कोन काढतो? मानूस काढतो. कंसात काय लिवनार, मामीला इचारून?" दुसऱ्या वेळी मी शेंडीला गाठ मारून सिद्धता पूर्ण केली आणि अभिमानानं वाचून दाखवली. मामा म्हणाले, "चवथ्या ओळीत तू जे वापरलंस तेच तर तुला खाली मिळवायचं हाय. फिर्याद देनारा स्वतःच साक्षीदार?" बघितलं तर खरंच तसं होतं. मी साध्यच कारण म्हणून आत घुसवलं होतं. अडलं की ते मला खालून वर यायला लावत. "निकाल काय पायजे ते शेवटच्या ओळीत लिव. आता बोल, तो मिळायला वरच्या ओळीत काय पायजे? दोन तिरकोन एकरूप पायजेत. त्याला तिघं साक्षीदार लागतात. दोघं हायेत. तिसरा कुठं हाय?" तिसरा सापडला नाही की नवी रेघ काढायची, ती रचना. तिला मामा बाहेरगावचा साक्षीदार म्हणत आणि तिच्याबद्दल त्यांना थोडा संशय असे, पण चालवून घेत. बाकोबा म्हणजे बाजू-कोन-बाजू, तसंच कोबाको, बाबाबा, या कसोट्या मात्र त्यांना तोंडपाठ झाल्या. रिक्षातून उतरतानाच "आज बाकोबा घे" म्हणून सांगत. आमच्या चाळीतल्या बायकांना बाकोबा हा मामांच्या गावचा देव वाटायचा.

त्यांचं एक वाक्य ते जाताना दर वेळी सांगत, पिशवी खांद्याला लावत. "समन्स ज्याला गेलं त्याची साक्ष झालीच पायजे. पक्षात एखादा उगाच बसून राहिला असंल तर समज, तुझी केस चुकली." म्हणजे पक्षात दिलेली एखादी गोष्ट तू वापरलीच नसशील तर थांब, तीच तुला सोडवणार आहे. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

जुलैचा पेपर. माझ्या बेंचवर शेजारी सोळा वर्षांची पोरगी, ती मला दोनदा मॅडम म्हणाली. भूमितीचा पेपर उघडला आणि समोर प्रमेय : वर्तुळाबाहेरच्या एका बिंदूपासून काढलेले दोन स्पर्शिकाखंड एकरूप असतात. चांगल्या मार्कांचं. हे आम्ही केलंच नव्हतं, जीवा आणि चाप यांत शेवटचा रविवार गेला होता. पूर्वीची मी असते तर पान उलटलं असतं. मी आकृती काढली. बाहेरचा बिंदू पी, केंद्र ओ, स्पर्श होतो ते ए आणि बी. शेवटची ओळ आधी लिहिली : पीए बरोबर पीबी. त्याला दोन त्रिकोण हवे, म्हणून ओए, ओबी, ओपी जोडले. ओए आणि ओबी त्रिज्या, सारख्या. एक साक्षीदार. ओपी सामाईक बाजू. दोन. तिसरा कुठे? ओजवळचे कोन सारखे दिसत होते, पण नुसते दिसत होते. घड्याळ पुढे चाललं होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर बाहेरून आलेली सुपरवायझर खुर्चीत बसत होती. मग पक्ष पुन्हा वाचला, एकेक शब्दावर बोट ठेवून. समन्स कोणाला गेलं आणि बोललं कोण नाही? स्पर्शिका. त्या नुसत्या रेघा नव्हत्या, स्पर्शिका होत्या, आणि मी त्यांना एक शब्द विचारला नव्हता. हा कोन? ए पाशी त्रिज्या आणि स्पर्शिका यांच्यातला, नव्वद अंशांचा; कंसात कारण, स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय. बी पाशीही तोच. समोर ओपी, म्हणजे तो कर्ण. कर्णभुजा कसोटी, त्रिकोण एकरूप, पीए बरोबर पीबी. मी लिहीत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. शेजारची पोरगी घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

पास झाले. काठावरच, पण पास. खुर्ची मिळाली. प्रिंट काढून तडक अंजूरला गेले. मामांनी कागद उलटासुलटा बघितला, शिक्का शोधला, 'पास' या शब्दावर बोट ठेवून दोनदा वाचला. मला वाटलं आता विचारतील, कशावरून. त्यांनी विचारलं, "पेपरात केस कोनती होती?" मी ओट्यावर खडूनं आकृती काढून पहिल्यापासून सांगितली. तिसरा साक्षीदार सापडत नव्हता तेव्हा ते काठीवर पुढे झुकले. नव्वदचा कोन निघाला तेव्हा मांडीवर हात मारला. "मग? निकाल?" "पीए बरोबर पीबी, मामा. सिद्ध झालं."

त्यांनी पीए आणि पीबी या दोन्ही रेघांवरून काठी फिरवली. मग म्हणाले, "तीस वर्षं पुकारा केला. किती मानसं आत घेतली. पन एकाचंबी पुढं काय झालं ते मला म्हाईत न्हाय. साक्ष अर्धी ऐकायची, तवर बोलावनं, न्हायतर तारीख. निकाल लागायचा तवा मी दुसऱ्याच दाराशी. आनि नंतर बाजारात भेटला तर इचारायचं कसं? हरला असला तर?" मामी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनाही हे नवीन असावं. "तुझ्या पुस्तकात बरं हाय," मामा म्हणाले. "निकाल त्याच पानावर."

याला आता तीन वर्षं झाली. मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी बारीक अक्षर लागत नाही, आणि रिक्षात चढणंही जमत नाही. म्हणून रविवारी दुपारी मी अंजूरला जाते आणि एखादं प्रमेय वाचून दाखवते. माझं त्यात आता काही अडलेलं नाही, मला फक्त त्यांच्याजवळ बसायचं असतं. पक्ष ते नीट ऐकतात, साध्यावर मान हलवतात, पहिल्या एक-दोन ओळींना "कारन?" विचारतात. हल्ली सिद्धतेच्या मध्यावर कुठेतरी त्यांचा डोळा लागतो. मामी हळूच म्हणतात, "झोपले ते. ठेव आता पुस्तक." मी ठेवत नाही. उरलेल्या ओळी सावकाश, कंसातल्या कारणांसकट वाचते, आणि शेवटची ओळ जरा मोठ्यानं, झोपेतही त्यांना ऐकू जावी म्हणून.